चादरीवर निघालीस म्हणून

कोळगाव, पालघर
डिसेंबरअखेर

प्रिय मुग्धा,


चादर ट्रेकला नाव घातलंस, हे ताईकडून कळलं. इथे पहाटे जेमतेम शाल लागते आणि तू चाललीस उणे वीस-पंचवीसात तंबूत झोपायला! जरूर जा.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. पहिले काही दिवस नुसते बसून काढायचे. तिथली वैद्यकीय तपासणी कटकट समजू नकोस; ऑक्सिजन कमी भरला तर निमूट थांब.

चादर म्हणजे गोठलेली झंस्कार नदी, पण ती तळापर्यंत गोठत नाही. वर बर्फ, खाली पाणी वाहतंच. म्हणून पुढचा झंस्कारी वाटाड्या काठी आपटून कानोसा घेतो. टणक आवाज आला तर पाऊल, पोकळ आला तर काठच्या खडकांवरून वळसा. त्याच्या मागेच राहा. गमबूट उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेव. पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे सकाळी झाकण तरी उघडेल.

नेरकला गोठलेला धबधबा दिसेल. जव्हारचा दाभोसा आठवतो ना, भर पावसात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं? नेरकला मात्र कड्याचे तुषार आधी गोठतात, त्यांवर नवं पाणी उतरतं, थरावर थर चढून निळसर खांब होतात. फोटो लांबून काढ. वरचे सुळके कधी तुटतील, नेम नसतो.

टिबच्या गुहा मात्र आत शिरून बघ. धुराने काळ्या पडल्यात. हौशी लोक तंबूत झोपतात. गुहेत शेकोटी पेटवून रात्र काढतात ते हमाल, आणि त्यांच्या आधी त्यांचे बापजादे. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की लोणी विकायला, पोरांना शाळेत पोचवायला गोठलेली नदी हीच लेहची वाट होती. मार्च २०२४ मध्ये सीमा सडक संघटनेने याच भागातून निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला, तेव्हापासून आपले ट्रेकर 'आता चादरीची मजा गेली' म्हणून हळहळतात. मला ही हळहळ मुळीच पटत नाही. कुणाची बाळंतीण अडली तर तिला बर्फावरून न्यायचं, ते आपल्या फोटोंसाठी? तू तरी तिथल्या हमालांसमोर हे रडगाणं गाऊ नकोस.

लेहला उतरलीस की फोन कर. आजीला मात्र तापमानाचे आकडे सांगू नकोस. ती मलाच फैलावर घेईल.

तुझा,
मामा