आधी अडलंय काय ते सांगा

जर्मनीत नर्स म्हणून जाणाऱ्या मुलींना मी पुण्यात जर्मन शिकवते. इंग्रजी त्यांना येत असतं, त्यामुळे ‘कान्ट’ म्हणजे ‘कान निश्ट’ हे समीकरण पहिल्या धड्यातच डोक्यात बसतं. ते मोडायला मात्र बराच वेळ द्यावा लागतो.

वॉर्डातलंच उदाहरण घ्या. पेशंट ‘कान्ट गेट अप’ असं इंग्रजीत म्हटलं, तर त्याच्या पायांत बळ नाही की डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे, हे संदर्भावरूनच ओळखायचं. जर्मन तिथे दोन क्रियापदं वापरते. ताकद नसेल तर ‘कान निश्ट आउफश्टेहेन’, मनाई असेल तर ‘दार्फ निश्ट आउफश्टेहेन’. हँडओव्हर देताना ‘दार्फ’च्या जागी ‘कान’ गेलं, तर पुढच्या पाळीची नर्स आधार देऊन पेशंटला उभं करायला जाईल. ऑपरेशन झालेल्या माणसाला ते महागात पडू शकतं.

म्हणून मी मुलींना आधी मराठीत विचार करायला लावते. आपल्याकडे हे पदर किती नेमके आहेत! पोहता येत नाही, कारण शिकलोच नाही. आज यायला जमत नाही, कारण वेळ नाही. चालवत नाही, कारण अंगात त्राण नाही. बघवत नाही, कारण जीव तुटतो. यातल्या ‘येत नाही’ला जर्मनमध्ये नुसतं ‘कान’ पुरतं. ‘इश कान काइन डॉइच’ या वाक्यात ‘बोलणं’ लागतच नाही. इंग्रजीला ‘स्पीक’ हवंच. वेळेअभावी जमत नसेल तर ‘शाफन’ आहे. दार उघडत नसेल, तर जर्मन माणूस दारालाच कर्ता करून ‘दी त्यूर लेस्ट झिश निश्ट ओफनन’ म्हणतो. पेशंटचं ‘इश कान निश्ट मेअर’ तर प्रसंग पाहूनच समजून घ्यावं लागतं. व्यायाम करताना त्याचा अर्थ ‘आता सोसवत नाही’, जेवणाच्या ताटासमोर ‘पोट भरलं’.

ज्या मुलीला आपलं मराठी वाक्य नेमकं सापडतं, तिचं जर्मन लवकर सुधारतं, हा माझा अनुभव आहे. तेव्हा जर्मन शिकणाऱ्यांनो, ‘कान्ट’ला प्रतिशब्द शोधत बसू नका. कसब, ताकद, वेळ, परवानगी की समोरची वस्तू, नेमकं कशापाशी अडलंय ते आधी ठरवा. क्रियापद त्यानंतर निवडा.