पडद्यावरचं स्वयंपाकघर

सिनेमातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रकाश कुठून सोडला, कॅमेरा कसा फिरवला, यावर बोलणारी माणसं वेगळी. मी आपली महिना-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा बघणारी बाई. कधी टॉकीजमध्ये, कधी घरच्या टीव्हीसमोर मटार सोलता सोलता. पण अलीकडे मला एक खोड लागली आहे. पडद्यावर घर आलं, की माझी नजर आधी ओट्याकडे जाते. गॅसवर काय आहे? भांडी कोण घासतंय? सकाळी सात वाजता सगळे कपडे करून टेबलाशी बसलेत, मग डबे कधी भरले? नायिका रडत खोलीत निघून गेली तर मागे ती कणीक कोणी मळली?

हसू नका. तुम्हीसुद्धा हेच बघत असणार, फक्त बोलत नाही. आपण बाहेर बसलो तरी आपलं अर्धं चित्त कुकरच्या शिट्टीवर असतं, तसं हे.

२०२३ च्या जुलैत आम्ही भिशीच्या नऊजणी ‘बाईपण भारी देवा’ बघायला गेलो. जरीच्या साड्या, नथी, गजरे, सगळा थाट. एके काळी आमच्या सोलापुरात ‘भागवत’ला सिनेमा म्हणजे घरादाराचा सणच असायचा, त्याची आठवण झाली. केदार शिंदे यांच्या या सिनेमात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सगळ्याजणी जीव ओतून नाचल्या आहेत. मला मजा आली. पण खरं सांगू? पडद्यापेक्षा आजूबाजूच्या खुर्च्यांकडे बघायला जास्त मजा आली. माझ्या शेजारची बाई, ओळख ना पाळख, मध्येच माझा हात धरून रडली आणि मध्यंतरात मला वेफर्स दिले. सिनेमाबद्दल माझी तक्रार एकच. सहा सहा संसारी बायका इतक्या तालमी करतात, तर त्या वेळात त्यांच्या सहा घरांतली चूल कोण पेटवतं? नाच शिकणं अवघड नाहीच हो, संध्याकाळी सहा ते आठ मोकळं होणं अवघड. तेवढं जरा दाखवलं असतं, तर मी आणखी दोनदा बघितला असता.

किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ मार्च २०२४ मध्ये आला. रेल्वेच्या डब्यात दोन नव्या नवऱ्यांचे घुंगट सारखे, म्हणून नवरदेव भलतीलाच घेऊन उतरतो, अशी गंमत. सगळ्यांना त्यातला पानखाऊ फौजदार आवडला. मला आवडलं ते घरातल्या बायकांचं एक बोलणं. चुकून घरात आलेली ती मुलगी कमळकाकडीच्या भाजीला छान म्हणते, आणि सासूबाईंना काय बोलावं तेच कळत नाही. स्वयंपाकाला कोणी नाव ठेवतं, चांगलं म्हणायचं असतं हे घरात कोणाला ठाऊकच नाही! मग बोलता बोलता निघतं, की आपल्याला स्वतःला काय आवडायचं, तेही त्या विसरून गेल्या आहेत. टॉकीजमध्ये तिथे लोक हसले. मी मात्र मनातल्या मनात माझी आवडती भाजी आठवायला लागले, आणि अंमळ वेळ लागला. (कारल्याची. घरात कोणी खात नाही, म्हणून वर्षातून एकदा होते.)

त्याच सिनेमात फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई आहे. छाया कदम. ही बाई मला फार आवडते. तुम्ही तिला ‘फँड्री’त जब्याची आई म्हणून पाहिलंत, ‘सैराट’मध्ये हैदराबादेत आर्ची-परश्याला आसरा देणारी आक्का म्हणून पाहिलंत. २०२४ मध्येच कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेल्या पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये ती मुंबईतल्या इस्पितळाची स्वयंपाकीण आहे; नवरा गेलेला, राहत्या खोलीचे कागद नाहीत, शेवटी कोकणातल्या गावी परतते. इतकी वर्षं चुलीपाशी उभी असलेली बाई सिनेमात मागे कुठेतरी असायची. छाया कदम तिला पुढे घेऊन येते, तेही भाषण न करता. मंजूमाई त्या हरवलेल्या मुलीला नुसता आसरा देत नाही, कामाचे पैसे मोजून हातावर ठेवते. आपल्या हातच्या पदार्थाचे पैसे पहिल्यांदा मिळाले, की बाईचा चेहरा कसा होतो, हे शेंगाचटणीची पाकिटं विकणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारा.

त्या कपाडियांच्या सिनेमाबद्दल आणखी एक. परदेशात गेलेला, फोनसुद्धा न करणारा नवरा बायकोला भाताचा विजेचा कुकर पाठवतो. चिठ्ठी नाही, काही नाही. ती रात्री जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. सिनेमा संथ आहे, मधे मला डुलकीही आली, पण तो कुकर काही डोक्यातून जात नाही.

‘सैराट’चा विषय निघाला म्हणून सांगते. तो २०१६ चा, जुना झाला; पण आमच्या जिल्ह्याचा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. त्यामुळे तो आम्हाला घरचा वाटतो. परवा टीव्हीवर लागला होता. सगळे त्यातल्या गाण्यांवर नाचले, शेवटी सुन्न झाले. या खेपेला मी फक्त शेवटचा चहा बघितला. माहेरची माणसं पहिल्यांदा दारात आली, म्हणून आर्ची कोण घाईघाईनं चहा टाकते! मोठ्या वाड्यातली ती मुलगी, आता आपल्या छोट्या घरात भावाला कप नेऊन देते. तो कप तिच्या हातून घेणाऱ्याच्या मनात काय आहे, ते तिला ठाऊक नाही. मारण्याचं काही न दाखवता मंजुळ्यांनी जे सांगितलं, ते त्या कपांनीच सांगितलं. आमच्याकडे दारात आलेल्याला पाण्याचा तांब्या आणि चहा देण्याची रीत आहे ना, तीच रीत तिथे वापरली आहे. मी उठून आत गेले.

आता ‘मिसेस’. हा फेब्रुवारी २०२५ मध्ये घरबसल्या मोबाइल-टीव्हीवरच आला. आरती कडव यांनी केलेला. मूळ मल्याळी सिनेमा २०२१ चा, जिओ बेबी यांचा, ‘द ग्रेट इंडियन किचन’. नाच शिकलेली मुलगी डॉक्टरच्या घरात लग्न होऊन जाते, आणि मग नुसतं चिरणं, परतणं, वाढणं, पुसणं. सिंकखालचा पाइप गळतोय, नवऱ्याला रोज सांगते, प्लंबर काही येत नाही. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. सासरे गोड बोलतात. फक्त चटणी पाट्यावरचीच हवी, मिक्सरची लगेच कळते. आणि फुलका तव्यावरून थेट ताटात.

हा सिनेमा मी, सासूबाई आणि आमचे हे, तिघांनी एकत्र बघितला. माझं मत: चांगला आहे. १९९१ साली लग्नानंतर मी ‘माहेरची साडी’ बघून पदर ओला केला होता. तिथे छळ करणारं माणूस बोटानं दाखवता यायचं. इथे तसं कोणी दाखवता येत नाही, म्हणून हा जास्त लागतो. शिवाय या सिनेमाला वेळ कळतो. भाजी एकदा चिरली की संपत नाही, ती रोज चिरायची असते, हे दाखवायला तेच तेच दाखवावं लागतं. ‘कंटाळवाणा आहे’ असं ह्यांनी म्हटल्यावर मी म्हटलं, “दीड तासात कंटाळलात?” पुढे काही बोलणं झालं नाही.

ह्यांना तव्यावरची भाकरी लागते. गंमत बघा, आमच्या सोलापूरची कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, लोक पाकिटं बांधून मुंबई-पुण्याला नेतात. आणि ह्याच गावातल्या पुरुषांना ओट्यापासून ताटापर्यंत येताना भाकरी गार झालेली चालत नाही! दुसऱ्या दिवशी हे मुकाट्यानं सगळ्यांबरोबर बसले, डब्यातली भाकरी घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा “एक गरम आण गं.” सिनेमाचा परिणाम एवढाच. मी त्याला कमी म्हणत नाही.

पण सासूबाई जे बोलल्या, ते कुठल्या परीक्षणात वाचलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, शेंगाचटणी अजून उखळात कुटलेलीच त्यांना पटते. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, “सुनेचं सगळं दाखवलं. पण ती सासू लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती तिथं काय बसून होती का? तिला कोणी विचारलं?” मला उत्तर सुचलं नाही. खरंच, सून दार उघडून बाहेर पडली. सासूला ते दार कधी दिसलंच नसेल. तिच्यावर कोणी सिनेमा काढला, तर पहिलं तिकीट मी काढीन.

आणि ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा हा मराठी सिनेमा २०२३ मध्ये टोरांटोला गौरवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे टॉकीजला लागला. मी गेले तेव्हा आम्ही धरून अकरा माणसं होती. विदर्भातलं खेडं, कापूस पिकवणारा बाप, बी.ए.ला असलेली सविता. तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. घरच्यांना तिचं लग्न उरकायचं आहे. पाहुणे येतात, पाय धुतात, चहा-पोहे होतात, आणि ती मध्ये बसते. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, शेतातलं काम येतं का? पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. कॉलेजात तिला स्त्रीसक्षमीकरणाचा धडा शिकवतात, आणि घरी येऊन ती पाटी-पेन्सिलीसारखी तपासली जाते. सुरुवातीला एक स्वप्न आहे: बायका गोल बसल्या आहेत आणि मुलाला प्रश्न विचारताहेत. टॉकीजमधल्या अकराही जणांना हसू आलं. शेवट सांगत नाही, बघाच.

मला तो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लागला, त्याला कारण आहे. आमच्या चिरंजीवांसाठी मुली बघणं सुरू आहे. म्हणजे या सिनेमात सतरंजीवर बसून प्रश्न विचारणारी मंडळी, ती आता आम्ही. पुढच्याच रविवारी एका गावी जायचं ठरलं होतं. दीर, जाऊबाई, आतेसासूबाई धरून आठजण, गाडीसुद्धा सांगून झाली होती. मी म्हटलं, आपण तिघंच जायचं. प्रश्न मुलगा-मुलगी एकमेकांना विचारतील, आपण नाही.

काय वादळ झालं! जाऊबाईंनी फोन ठेवून दिला. हे म्हणाले, “सिनेमा बघून घर चालवायचं का?” मला पुन्हा सासूबाईंनीच सोडवलं. त्या बार्शीच्या. म्हणाल्या, मला बघायला आले तेव्हा चालून दाखवायला लावलं, अंबाडा सोडायला लावला, सुईत दोरा ओवायला लावला. “दोरा ओवला मी. पण तेव्हापासून सुई हातात घेतली की ते आठजण आठवतात,” एवढंच बोलून त्या जप करायला बसल्या. रविवारी आम्ही तिघंच गेलो.

सिनेमात असं झालं असतं, तर मुलीच्या आईनं मला मिठी मारली असती. प्रत्यक्षात त्या घरातले चेहरे उतरले. त्यांनी आठ-दहा माणसांचे पोहे केले होते, शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. मुलीचे वडील दोनदा विचारून गेले, “बाकीच्या मंडळींना स्थळ पसंत नाही का?” मी परोपरीनं समजावलं, पण त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. कमी माणसं येणं म्हणजे मान कमी, असा हिशेब. मुलगी मात्र माझ्या मुलाशी गच्चीवर चाळीस मिनिटं बोलली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न केला, नाही वाचता आला. परतताना चिरंजीवांनी एवढंच सांगितलं, की तिनंच जास्त विचारलं आणि त्याला दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. कुठले, ते विचारू नको म्हणाला.

निघताना तिच्या आईनं उरलेले पोहे स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून बळेच दिले. तीन दिवस झाले, त्यांच्याकडून निरोप नाही. डबा धुऊन ओट्यावर ठेवला आहे. रिकामा परत द्यायचा नाही. शेंगाचटणी भरीन म्हणते. सासूबाईंनी दाणे भाजायला काढलेत, मिक्सरला हात लावू देत नाहीत.