कोट केरेच्या काठी काय खावे?
बेळगावचा किल्ला रट्ट राजांच्या काळातला, 1204 च्या सुमाराचा; आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, हीही त्याच पिढीतली. किल्ल्याला लागून कोट केरे हे तळे, आणि 2018 पासून तिथे 110 मीटर उंच ध्वजस्तंभ. इतके सगळे एका जागी असताना काठावरच्या खाण्यात बेळगाव दिसायला हवे, असे मला ठामपणे वाटते. भेळ-पाणीपुरी खुशाल असावी, पण ती कुठल्याही गावच्या तळ्यावर मिळते. पालथ्या खापरावर भाजून घडी घातलेला मांडा किंवा दूध तांबूस होईपर्यंत आटवून केलेला कुंदा तसा मिळत नाही. कुंदा आज खोक्यात बांधून पुण्या-मुंबईला जातो. ज्या गावात तो शिजतो तिथेच पाण्याकाठी बसून खायची सोय मात्र कुणाला सुचत नाही.

खाणे आले की कचरा तळ्यात जाणार, हा आक्षेप खरा आहे आणि गंभीरही. पण कचरा होतो तो प्लास्टिकच्या ताटल्यांनी. मांडा कोरडा, हातात धरून खायचा. कुंद्याला पानाचा द्रोण पुरतो. मांडे करायला कसबी हात लागतात, हेही खरे. हे हात बहुतेक लग्नसराईतच कामाला लागतात. काठावर एक चूल मिळाली तर त्यांना वर्षभर काम मिळेल.