शब्दांचा परतावा

चौतीस वर्षे मी मुलांना इंग्रजी शिकवले. निवृत्त होऊन वज्रेश्वरीच्या घरी येऊन बसलो. पण गावाने काही मला निवृत्त होऊ दिले नाही. कुणाला बँकेचा कागद येतो, कुणाला मुंबईच्या कचेरीची नोटीस येते, आणि तो कागद घडी उलगडत माझ्या ओटीवर येतो. "मास्तर, जरा बघा हो, काय म्हणतोय हा!" मास्तर चष्मा पुसतात, घसा खाकरतात आणि बघतात. इंग्रजी वाचता येणे हा आमच्याकडे अजून एक लहानसा अधिकार आहे. आणि अधिकार कुणाला आवडत नाही?

तीन वर्षांपूर्वी, अशाच दिवाळीच्या तोंडावर, एक गुळगुळीत रंगीत कागद आला. आणणारी होती देवळाच्या पायऱ्यांशी ओटीचे सामान विकणारी मावशी. खण, नारळ, वेण्या यांवर तिने दोन पोरी उजवल्या. कागदावर एका टाय लावलेल्या हसऱ्या माणसाचे चित्र होते, आणि त्याखाली शब्दच शब्द : गॅरंटीड रिटर्न, मॅच्युरिटी, बोनस, लाइफटाइम मेंबर.

मी एकेक शब्द फोडून सांगितला. रिटर्न म्हणजे परतावा. मॅच्युरिटी म्हणजे मुदत पुरी होणे. गॅरंटी तर तिला ठाऊकच होती. कुकर घेताना मिळाली होती. वर्गात शिकवल्यासारखे मी शिकवत होतो. तिने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला :

"पण मास्तर, हे पैसे येनार कुठून?"

वाचकहो, त्या वेळी मी जे उत्तर दिले ते आठवले की आजही कानशिले तापतात. मी म्हणालो, "अगं, त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणतात." मावशी गप्प झाली. एवढा मोठा शब्द समोर आल्यावर कोण बोलणार? तिने चाळीस हजार भरले. तीन महिने व्याज आले. पहिल्या महिन्याला तिने मला पेढेही आणून दिले, आणि मी ते खाल्ले. चौथ्या महिन्यात कचेरीला कुलूप लागले.

त्यानंतर मी हे शब्द पुन्हा उघडून बसलो; या खेपेला विद्यार्थी म्हणून. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर १९२० सालीच मिळाले होते. बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या गृहस्थाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ केला. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कुपनांचा व्यापार करतो, असे तो सांगे. खरा व्यापार एवढाच, की आज आलेल्याचे पैसे काल आलेल्याला द्यायचे. पैसे येणार ते मागून येणाऱ्याच्या खिशातून! त्याच वर्षी डाव कोसळला, आणि त्याचे आडनाव कोशात जाऊन बसले.

दुसरा शब्द 'पिरॅमिड'. तुम्ही सहा माणसे आणायची, त्या प्रत्येकाने आणखी सहा. ऐकायला सोपे वाटते. मी पाटीवर हिशेब मांडला : सहा, छत्तीस, दोनशे सोळा... बाराव्या पायरीवर २१७ कोटी माणसे लागतात. अवघ्या भारतात तेवढी नाहीत! आमच्या देवीच्या पायऱ्या बावन्न आहेत. या देवळात बाराव्या पायरीलाच भक्त संपतात.

आणि गॅरंटीचे म्हणाल, तर आमचे देऊळच एका नवसाचे आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी तो बोलला, आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर तो फेडला. नवसाची रीत बघा : आधी देवीने द्यायचे, मग आपण फेडायचे. स्कीमची रीत नेमकी उलटी. आपण आधी द्यायचे, आणि मग देवाचे नाव घेत बसायचे.

गंमत अशी, की या व्यवहारात इंग्रजी आपलेही देणे लागते. 'लूट' हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला, 'ठग' नेला. आणि 'चिट फंड'मधली चिट ही आपलीच चिठ्ठी. आपण उघडेनागडे शब्द दिले, परत आले ते टाय लावून. कुणी "मी तुला लुटतो" असे म्हणाला असता, तर मावशीने त्याला नारळ फेकून मारला असता. 'प्लॅन' म्हटल्यावर तिने पाणी विचारले.

पुढे बरेच महिने ती या विषयावर अवाक्षर बोलली नाही. मला वाटे, ती माझ्यावर रागावली आहे. मग एके सकाळी ती ओटीवर आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, माझा स्कॅम झाला."

मी चमकलो. हा शब्द १९९२ साली हर्षद मेहताच्या प्रकरणानंतर आपल्याकडे घरोघर पोचला. पण तिने तो का धरला? विचार करू लागलो तेव्हा उमगले, की आपल्या मराठीत फसणाऱ्यासाठी एकही मायेचा शब्द नाही. त्याला टोपी घालतात, शेंडी लावतात, चुना लावतात, मामा बनवतात, त्याच्या तोंडाला पाने पुसतात. भामटा पळून जातो, आणि हसे होते ते फसलेल्याचे! तिला तो परका शब्द बरा वाटला. ताप यावा, पूर यावा, तसा स्कॅम झाला. त्यात लाज नव्हती. त्या शब्दाचे बोट धरून ती माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. तिच्यामागून आणखी अकराजण आले. तोवर तेही तोंड मिटून बसले होते. अशा ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ सालचा कायदा आहे, बुडव्याची मालमत्ता जप्त करता येते, हे मला तिथेच कळले. पैसे अजून आलेले नाहीत. पण मावशी पायऱ्यांशी पुन्हा मोठ्याने बोलू लागली आहे.

हा रोग काही आमच्याच गावचा नव्हे. २०२५ सालच्या जानेवारीत दादरला 'टोरेस'च्या बंद दारापुढे गर्दी लोटली, तीही दर आठवड्याच्या परताव्यावर भरवसा ठेवलेल्या माणसांची. त्यांतल्या कित्येकांना इंग्रजी माझ्याइतकेच येत असेल.

परवा माझ्या ओटीवर पुन्हा एक कागद आला. शेजारचा पोरगा मोबाइल पुढे करून विचारत होता, "काका, यात 'पॅसिव्ह इन्कम' म्हणजे काय हो?" मी चष्मा पुसला, घसा खाकरला. पण मावशी वेण्यांची टोपली घेऊन कट्ट्यावर टेकली होती. माझे तोंड उघडायच्या आत तिने विचारले,

"बाबा, ते पैसे येनार कुठून?"

मी चष्मा काढून ठेवला. मला भाषांतर करण्यासारखे काही उरलेच नव्हते.