'नव्वद टक्क्यांवर अडकलंय'

संपादकांनी लेख मागताना अट घातली, "तांत्रिक नको, आमच्या वाचकांना समजेल असं लिहा." मी हो म्हणालो खरा. पण व्हिडिओ एडिटिंगमध्ये एक्स्पोर्ट (म्हणजे जोडलेल्या सगळ्याची एक तयार फाइल काढणं) का कोसळतो हे तांत्रिक न होता सांगणं म्हणजे पोट का दुखतंय हे पोटाचं नाव न घेता सांगणं. तेव्हा थोडं सोसून घ्या.

पुण्यातल्या लहानमोठ्या स्टुडिओंना एडिटिंगची मशीन बसवून देणं आणि ती अडली की जाऊन बघणं, हा माझा धंदा. रात्री दहानंतर फोन वाजला की पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं. "सर, नव्वद टक्क्यांवर अडकलंय. उद्या सकाळी कार्यक्रम आहे." कार्यक्रम नेहमी उद्या सकाळीच असतो. आणि लगेच पुढचं, "टाइमलाइनवर तर मस्त चालतंय हो!"

या 'मस्त चालतंय'नेच घात होतो. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप जिथे ओळीने मांडतात त्या पट्टीवर, बघताना सॉफ्टवेअर तुमची समजूत काढत असतं. चित्र अर्ध्या नाहीतर पाव रेझोल्युशनला दाखवतं, झेपलं नाही तर मधल्या फ्रेम गाळतं, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एक्स्पोर्टला ती सवलत नाही. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर चाळीस मिनिटांच्या माहितीपटात ६०,००० फ्रेम होतात. त्यातली एकूण एक फ्रेम पूर्ण मापात, सगळे इफेक्ट लावून, तिथे पहिल्यांदा खरोखर तयार होते. म्हणजे बिघाड एक्स्पोर्टमध्ये होत नाही, तो तिथे उघडा पडतो. झालेला असतो शूटिंगच्या दिवशी, स्कॅनिंगच्या टेबलावर, नाहीतर कुणीतरी व्हॉट्सॲपवरून क्लिप पाठवली तेव्हा. शिव्या मात्र सॉफ्टवेअरला, प्रीमिअर असो की डाविंची. मग प्रीमिअरवाला डाविंचीकडे जातो, डाविंचीवाला प्रीमिअरकडे, आणि खराब क्लिप दोघांच्याही बरोबर प्रवास करते.

गेल्या गेल्या मी एकच विचारतो : दर वेळी त्याच जागी पडतं का? त्याच जागी पडत असेल तर दोष मालात. मोबाइलचं फुटेज, ज्यात फ्रेमचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. एखादा बिघडलेला फॉन्ट. कुठून तरी उतरवलेलं प्लगइन. दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल तर दोष मशीनमध्ये. उष्णता, रॅम, वीजपुरवठा, ड्रायव्हर. मालातला दोष शोधायला टाइमलाइन निम्मी करायची, जो अर्धा भाग पडेल तो पुन्हा निम्मा करायचा. अशा सोळा वाटण्यांत ६०,००० फ्रेममधली एक फ्रेम हाती लागते. एवढं करायला कुणी तयार नसतं. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करायला सगळे तयार असतात. (पेनड्राइव्हवर थेट एक्स्पोर्ट करणाऱ्यांविषयी काय बोलावं! तो फॅट३२ असला तर ४ जीबीच्या पुढे एक फाइल त्यावर मावतच नाही, मशीन लाख रुपयांचं असो.)

पडद्यावरच्या सूचनेवरही फार विसंबू नये. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा व्होल्टेजचा घोळ २०२४ साली गाजला. त्यात अनेकांना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश दिसायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, दुखणं प्रोसेसरचं होतं.

आता माझा हट्ट. यावरून माझी बऱ्याच एडिटरांशी वादावादी झाली आहे, तरी सांगतो : टाइमलाइनवरून थेट एमपी४ काढू नका. आधी प्रोरेससारख्या फॉरमॅटमध्ये मास्टर (मूळ प्रत) काढा, मग त्या मास्टरवरून एमपी४ बनवा. एमपी४मध्ये सहसा जे एच.२६४ असतं त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच. आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे मशीनला एकाच वेळी इफेक्टही मोजायचे आणि मागच्या-पुढच्या फ्रेमचा हिशेबही ठेवायचा. शिवाय फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते. नव्व्याण्णव टक्क्यांवर पडलं तर डिस्कवर भलीमोठी फाइल दिसते, पण उघडत नाही. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. मशीनचं ओझं दोन खेपांत वाटलं जातं, आणि पडलं तर कुठल्या खेपेला पडलं हे तरी कळतं. यावर उत्तर येतं, "सर, जागा कुठे आहे?" खरं आहे. फोर-केमध्ये साधं प्रोरेस ४२२ मिनिटाला पावणेचार जीबीच्या आसपास जातं. चाळीस मिनिटांना दीडशे जीबी. पण लाखाचा कॅमेरा भाड्याने आणणाऱ्याने हार्डडिस्कच्या वेळी हात आखडावा, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

या पावसाळ्यात आलेलं एक प्रकरण मात्र 'माल की मशीन' या माझ्या कसोटीत बसेना. एका नाट्यसंस्थेवरचा माहितीपट. एक्स्पोर्ट अठराव्या मिनिटाच्या आसपास पडायचा, पण नेमक्या त्याच फ्रेमला नाही. कधी चार सेकंद अलीकडे, कधी पलीकडे. तिथे जुन्या प्रयोगांचे चार कृष्णधवल फोटो एकमेकांत विरघळत होते. फाइलची माहिती उघडली तर प्रत्येक फोटो १२,००० बाय ९,००० पिक्सेल. संस्थेच्या कुणा उत्साही सभासदाने 'क्वालिटी हवी' म्हणून स्कॅनर सगळ्यात वर लावला होता. म्हणजे पिक्सेल दहा कोटी ऐंशी लाख. फोर-के चित्राला लागतात ८३ लाख. जेपेग फाइल डिस्कवर कितीही लहान दिसो, इफेक्टच्या हिशेबाला ती पूर्ण उलगडावी लागते. तिथे एका पिक्सेलला १६ बाइट लागतात : लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता, प्रत्येकी चार. एका फोटोचे झाले पावणेदोन जीबी. चारही एकत्र आले की सात. ग्राफिक्स कार्डाची मेमरी आठ जीबी, त्यातला वाटा विंडोजने आणि उघड्या ब्राउझरने आधीच घेतलेला, आणि वर नॉइज काढायचा इफेक्ट.

फोटोंची लांबी-रुंदी निम्मी केली, मेमरी चौथाईवर आली. एक्स्पोर्ट विनातक्रार निघाला. निर्माते बिल बघून म्हणाले, "फोटो लहान करायचे एवढे पैसे?" मी वाद घातला नाही.

पण गणित जुळलं तरी माझं समाधान झालेलं नाही. कारण हीच टाइमलाइन, याच अवाढव्य फोटोंसह, याच मशीनवर दोन दिवस आधी शेवटपर्यंत एक्स्पोर्ट झाली होती. ती फाइल मी स्वतः चालवून बघितली. मधल्या रात्री ग्राफिक्सचा ड्रायव्हर आपोआप अपडेट झाल्याची नोंद सापडली. तेवढ्यावरून ड्रायव्हरला दोषी धरायला माझी जीभ रेटत नाही; ब्राउझर त्या पहिल्या वेळी बंदही असेल, एडिटरला आठवत नाही. जुना ड्रायव्हर टाकून ताडून बघायचं होतं, पण मशीन भाड्याचं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत गेलं.