फडका आधी कोरडा

कापड विणून जगणाऱ्या भिवंडीनं आपल्या खिडक्यांना धातूच्या पट्ट्या लावाव्यात, याची मला गंमत वाटते. पण त्यामागचं कारण मला पटतं. कापडी पडदा धूळ पोटात घेतो. तो धुवायला पाणी लागतं, वाळायला ऊन लागतं, आणि पावसाळ्यात उन्हाची वानवा. पट्ट्यांचा पडदा मात्र दांडी फिरवली की ऊन अडवतो आणि वारा आत सोडतो. म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोदामांतल्या ऑफिसांप्रमाणे घरांतही आता हे ब्लाइंड्स दिसतात. त्यांची निगा मात्र आपण खिडकीच्या काचेसारखी राखायला जातो: फडका ओला करायचा, पिळायचा आणि पुसायचं. माझं म्हणणं असं की इतर गावांत हे चालून जाईल, भिवंडीत चालत नाही. इथे पहिला हात कोरडाच हवा, आणि याचं कारण मागांत आहे.

मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला आधी खळ दिलेली असते. सायझिंगमध्ये पिठाची, म्हणजे मक्याच्या किंवा तत्सम स्टार्चची लापशी शिजवतात, तिच्यातून सूत काढतात, वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. बऱ्याच ठिकाणी तिच्यात पाण्यात विरघळणारं कृत्रिम द्रव्यही घालतात. खळ नसेल तर धोट्याच्या आणि फणीच्या घासाघाशीत सूत टिकणार नाही. पण त्याच घासाघाशीत खळीचा भुगा झडतो आणि त्याच्यासोबत आखूड तंतूंचं तूस सुटतं. आमच्याकडे कितीतरी गल्ल्यांत खाली माग आणि वर बिऱ्हाडं अशी रचना आहे. उकाड्यामुळे मागाच्या खोलीची दारं-खिडक्या उघडी, बिऱ्हाडाच्याही उघडी. वर पोहोचणाऱ्या त्या करड्या लवेत कापूस असतो तशी शिजून वाळलेली खळही असते. तिच्यावर ओला फडका फिरवणं म्हणजे तिला पुन्हा पाणी दाखवणं. ती फुगते, तंतूंना धरून ठेवते आणि पट्टीच्या कडेला लगदा होऊन बसते. पुसताना पट्टी स्वच्छ दिसते. वाळल्यावर तिच्यावर फडक्याच्या हालचालीच्या रेघा उमटतात, आणि दोऱ्यांची शिडी जिथे पट्टीला स्पर्श करते तिथे राखाडी गोळी घट्ट चिकटलेली असते. ती मग नखानंच खरवडावी लागते, आणि नखासोबत रंगही निघतो.

यावर पहिला आक्षेप मागाच्या धंद्यातल्यांकडूनच येईल: भिवंडीत आता सगळं सूत कापसाचं कुठे राहिलंय? पॉलिएस्टर आहे, मिश्र धागा आहे, आणि काही धाग्यांना खळीची गरजही नसते. हे बरोबर आहे. शिवाय मुंबई-नाशिक महामार्गाच्या बाजूला राहणाऱ्याच्या खिडकीवर तुसापेक्षा ट्रकांनी उडवलेली मातीच जास्त असणार. पण यानं माझा मुद्दा पडत नाही. मातीवर ओला फडका फिरवला की चिखल होतो, आणि त्या मातीतले खरखरीत कण फडक्याखाली घासले जाऊन पट्टीवर ओरखडे पडतात. म्हणजे खळ असो वा माती, पाण्याचा नंबर नंतरचाच. ज्याला खात्री करायची असेल त्यानं पट्टीवरचं चिमूटभर तूस बशीत घ्यावं आणि त्यावर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. थेंब निळा-काळा झाला तर त्यात स्टार्च आहे. ही परीक्षा स्वयंपाकघरातल्या खिडकीवर करू नये. तिथे चपातीच्या पिठामुळेही तोच रंग येईल आणि आळ मागवाल्यावर जाईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कोरडं झटकलं की सगळं हवेत उडतं आणि आपल्याच छातीत जातं. कापसाच्या धुळीला हलकं लेखू नये, हे मलाही मान्य आहे. वर्षानुवर्षं ती श्वासात घेणाऱ्या कामगारांना बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसाचा विकार होतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणं ही त्याची जुनी ओळख. अमेरिकेनं १९७८ साली यावर नियम केला, तेव्हा सूतकताईत दर घनमीटर हवेमागे २०० मायक्रोग्रॅम आणि विणकामात ७५० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली. (आपल्या खिडकीवर जे बसतं त्याच्या कितीतरी पट धूळ खाली मागावरचा माणूस रोज आत घेतो, हे पट्ट्या पुसताना आठवलेलं बरं.) पण कोरडी सफाई म्हणजे झटकणं नव्हे. पिसांचा झाडू फटाफट मारणं ही मलाही नकोशी वाटणारी पद्धत. पट्ट्या एका बाजूला पूर्ण मिटवाव्यात, म्हणजे सलग पत्रा तयार होतो. मग व्हॅक्युम क्लीनरचा मऊ ब्रश वरून खाली, पट्टीच्या लांबीला धरून फिरवावा. उलटी बाजू तशीच. व्हॅक्युम नसेल तर जुन्या बनियनचा तुकडा हातावर गुंडाळून एकेक पट्टी चिमटीत धरून मधून कडेकडे ओढावी. तूस कापडात अडकतं, उडत नाही. नाकाला रुमाल बांधावा, पंखा बंद ठेवावा, आणि खालचे माग बंद असतील तो दिवस निवडावा. नाहीतर पुसून होईपर्यंत दुसरा थर बसलेला असतो.

मग पाणी कधीच नको का? हवं की, कोरडा हात फिरल्यावर हवं. प्लास्टिकच्या पट्ट्या कोरड्या घासल्या की त्यांच्यावर विजेचा भार साठतो आणि त्या उलट तूस ओढून घेतात. त्यांच्यावर शेवटी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला फडका फिरवला की हे खेचणं बरंच कमी होतं. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ पट्टीवर तेलाचा पातळ थर चढवते, तिथे कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण लागतोच. मात्र धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, तो लांब ठेवावा. लाकडी पट्ट्यांना तर पाण्याचा फक्त वास दाखवावा. पडदा उतरवून बाथरूममध्ये बुडवून काढावा हा सल्ला मी अनेकांकडून ऐकतो. तो ज्यांच्याकडे लांब टब आणि वाहतं पाणी आहे त्यांच्यासाठी ठीक. शहाड-टेमघरहून येणाऱ्या पाण्याच्या वेळेकडे डोळे लावून बसणाऱ्या घरात पाच फुटी पडदा बादलीत दुमडावा लागेल, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला एकदा पडलेली मोड जात नाही. शिवाय पडद्याच्या वरच्या खोक्यातले लोखंडी भाग भिजून गंजतात.

वेळेबद्दलही माझा प्रचलित रीतीशी वाद आहे. आपण सगळी साफसफाई दिवाळीवर ढकलतो. या पडद्यांसाठी तो उशीर ठरतो. मृगाच्या आधी जे तूस पट्टीवर राहतं ते चार महिने दमट हवा पिऊन घट्ट बसतं, त्यावर बुरशीचे ठिपके येतात, आणि दिवाळीत हाती लागतो तो थर कोरडा निघतच नाही. म्हणून मोठा हात वैशाखात फिरवावा. पावसाळ्यात आठवड्याला नुसता कोरडा तुकडा पुरतो, दिवाळीत मग फारसं काही उरत नाही.

दोरी अडकायला लागली की पुष्कळ जण वरच्या खोक्यात मशीनचं तेल सोडतात. मागवाल्याला विचारा, तेलावर तूस कसं बसतं ते तो सांगेल. तेल दिलेली जागा तोही सारखी पुसत असतो, आणि आपलं खोकं तर वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. तिथे ब्रशनं तूस काढणं एवढंच पुरे. पट्टीच्या भोकात दोरीभोवती तंतू गुंडाळलेले दिसतात, ते चिमट्यानं ओढून काढावेत. दोरी तिथेच घासून तुटते. लहान मूल घरात असेल तर लोंबती दोरी भिंतीतल्या हुकाला उंच गुंडाळावी, तिचा फास मुलाच्या गळ्याला बसू शकतो. आणि मधलीच एखादी पट्टी वाकली म्हणून अख्खा पडदा टाकून देऊ नये. तयार पडदा बहुधा खिडकीपेक्षा लांब असतो आणि जादा पट्ट्या तळाशी एकावर एक पडून असतात. खालच्या पट्टीची टोपणं काढून दोरीची गाठ सोडली की दोरी वर ओढता येते. वाकलेली पट्टी सरकवून काढायची, तळातली एक तिच्या जागी घालायची आणि दोरी पुन्हा ओवून गाठ मारायची.