आईचे अवधाण

आमच्या वसईतील त्या पिढीच्या अनेक बायकांप्रमाणे माझ्या आईचेही अर्धे आयुष्य डोक्यावर भाजीची पाटी वाहण्यात गेले. पहाटे वाडीतली भाजी खुडायची, आगगाडीने मुंबई गाठायची आणि परतल्यावर पदर खोचून चुलीपुढे बसायचे. रात्रीची जपमाळ संपली की ती कधीकधी उजवी जांघ हळूच दाबून धरी. मी विचारले तर म्हणे, "काही नाही गं, अवधाण आलंय. पायाला काटा बोचला असेल."

अवधाण चार-आठ दिवसांत बसते. आईचे सात वर्षे बसले नाही. आडवे झाले की गाठ नाहीशी होई, पाटी उचलली की पुन्हा वर येई. जागा अवघड, दवाखान्यात पुरुष डॉक्टर. लुगड्याच्या निऱ्यांखालचे ते गुपित तिने कोणालाच दाखवले नाही. प्रायश्चित्तकाळात तर ती हे दुखणे प्रभूचरणी अर्पण करी, आणि आम्ही मुले तिच्या सोशिकपणाचे कौतुक करीत असू.

१९९३च्या पवित्र सप्ताहात, बुधवारी रात्री, तिला उलट्या सुरू झाल्या. पोट फुगले. आम्ही ओवा दिला, बेंबीभोवती हिंग लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट तपासून अपचनाचे औषध लिहून दिले. जांघेकडे कोणी पाहिले नाही आणि आई बोलली नाही. शुक्रवारी सकाळी रुग्णालयात नेले, तेव्हा एका परिचारिका सिस्टरांनी पडदा ओढून घेतला व तिला हलकेच विचारले, "बाई, कुठे गाठ आहे का?" आईने प्रथमच मान डोलावली. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. गाठीत अडकलेले वीतभर आतडे काळे पडले होते. ते कापून काढावे लागले. आई वाचली, पण पुढे कित्येक महिने तिला अंगणापलीकडे जाववले नाही.

हर्निया, म्हणजे अंतर्गळ, हा पुरुषांचाच आजार, असा आपला समज. जांघेचा हर्निया पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, हे खरे. म्हणूनच स्त्रीच्या बाबतीत तो कोणाच्या ध्यानी येत नाही. पोटाची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होते आणि आतील चरबी वा आतडे तेथून बाहेर डोकावते. बाळंतपणानंतर बेंबीपाशी, सिझेरियननंतर टाक्यांच्या जागी हे घडू शकते. आईला झालेला प्रकार फेमोरल हर्नियाचा होता. जांघेतील आडव्या बंधाखालून, मांडीत उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीशेजारच्या वाटेने तो येतो, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होतो. ती वाट अरुंद आणि तिच्या कडा ताठर असतात. त्यामुळे आतडे सहज अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो. तोपर्यंत गाठ दुखेलच असेही नाही.

२०१९ साली मलाही तशीच गाठ जाणवली. मी त्याच आठवड्यात शल्यविशारद बाईंकडे गेले. त्यांनी मला उभे करून खोकायला सांगितले, मग सोनोग्राफी केली. "थोडे थांबले तर?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "त्रास नसलेल्या पुरुषाला मी कदाचित थांबू देईन. तुम्हाला नाही." हर्नियाच्या शस्त्रक्रियेसंबंधी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: स्त्रियांच्या जांघेतील हर्नियावर वेळ न दवडता उपचार करावेत, आणि शक्य तेथे दुर्बिणीने, जाळी बसवून. दुर्बिणीतून जांघेतील सगळ्या दुबळ्या जागा एकदमच दिसतात, एखादी दडलेली गाठ नजरेतून सुटत नाही. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, हेही बाईंनी बजावले. दुसऱ्या दिवशी मी घरी आले.

खर्चाच्या भीतीनेही बायका गप्प बसतात. या जाळीबाबत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली सहकाऱ्यांसह आपले अनुभव प्रसिद्ध केले. गरिबांच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याच मातीत एवढा विचार झालेला आहे.

शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्री मला आता वेगळी दिसते. बारा वर्षे तिने सोसले, पण संत मार्क सांगतो की शेवटी ती भीत भीत पुढे आली आणि भर गर्दीत तिने प्रभूला सारे खरे सांगितले. प्रभूने तिला रागावून गप्प केले नाही. "मुली" म्हणून हाक मारली. माझ्या आईने अर्पण केलेल्या वेदना देवाने स्वीकारल्या असतील, याविषयी मला शंका नाही. परंतु ते मौन त्याने मागितले होते, असे मला वाटत नाही. ते आम्ही मागितले होते, कधीही नीट न विचारून.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. जांघेत वा बेंबीपाशी येणारी-जाणारी गाठ असेल, तर ती डॉक्टरांना उभ्याने दाखवावी. गाठ घट्ट झाली, दुखू लागली, आत जाईनाशी झाली आणि उलट्या सुरू झाल्या, तर ती दाबत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. आणि घरातल्या आईला, सासूला, मावशीला एकदा बाजूला घेऊन विचारावे. "काही नाही" असे उत्तर आले, तर पुन्हा विचारावे.